हार्डटेल घेताना आधी फ्रेमची भोकं बघा

पासष्ट हजारांत टेकडीवर चालवायला हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली सायकल, घ्यायची तर कुठली, असा प्रश्न भाचीने टाकला आणि पाठोपाठ एक्सेलचा तक्ताही पाठवला. बँकेत लागल्यापासून ती प्रत्येक गोष्टीचा तक्ता करते. रांगांमध्ये सायकलींची नावं, रकान्यांत गिअर, ब्रेक, वजन, किंमत. तक्ता नेटका होता, पण माझ्या लेखी जे आधी बघायचं तेच त्यात नव्हतं. गिअर झिजतात, चेन ताणते, ब्रेकचे पॅड संपतात, टायर गुळगुळीत होतात. हे सगळं बदलता येतं, आणि टेकडीवर चालवली तर बदलावंच लागतं. फ्रेम तेवढी राहते. त्या फ्रेमवर उद्या काय बसेल हे तिची भोकं ठरवतात: हँडलखालचं, सीटखालचं, मागच्या आसाचं आणि केबल आत शिरायचं. ते चार रकाने वाढव, असं मी तिला कळवलं. मग दोन-तीन रविवार जी खलबतं झाली ती इथे लिहून ठेवतो, कारण टेकडीवर भेटणारे बरेच जण हेच विचारतात.

आधी जमीन. वेताळ टेकडी म्हणजे पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. शहर ५६० मीटरच्या आसपास असल्यामुळे चढ काही फार मोठा नाही. पंचवटीकडून चढा, एआरएआयच्या बाजूने चढा नाहीतर चतुःशृंगीकडून, पायाखाली बेसाल्टचा कातळ आणि त्यावर मुरूम. मुरमाचे खडे कडक जमिनीवर बेअरिंगच्या गोळ्यांसारखे सरकतात, आणि वळणावर पुढचं चाक निसटतं ते तिथेच. मध्येच पायरीसारखे वर आलेले दगड, पायवाटेच्या कडेला बाभळी, म्हणजे काटे. पावसाळ्यात चिकण मातीचा पट्टा लागला की पाच मिनिटांत टायरला इतकी माती लिंपली जाते की चाक फ्रेमला घासायला लागतं. कोकणात जांभ्याच्या सड्यावर चालवणाऱ्याचं गणित वेगळं. कोरडा जांभा खरखरीत असतो, टायर घट्ट धरतो, पण त्याच्या कडा टायरची बाजू कापतात. म्हणून दुसऱ्या गावच्या माणसाने 'ही घे' म्हटलं म्हणून सायकल घेऊ नये. आपली जमीन कशी आहे ते त्याला आधी सांगावं.

आता, हार्डटेलच का? मागेही शॉक असलेली चांगली सायकल आपल्याकडे लाखाच्या पुष्कळ पुढे जाते. पंधरा-वीस हजारांत मिळते ती 'डबल सस्पेन्शन' नुसती जड असते, चढावर पायातला जोर त्या मागच्या स्प्रिंगमध्ये जिरतो. शिवाय मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांना बेअरिंग असतात आणि आपला पावसाळा त्यांना खातो. हार्डटेलमध्ये हे झंझट नाही. माझं तर मत आहे की वाट वाचायची सवय हार्डटेलच लावते. मागचं चाक कुठून न्यायचं याचा विचार आपसूक सुरू होतो, कारण चुकीच्या दगडावरून गेलं की कमरेला कळतं.

तर भोकं. पहिलं हेड ट्यूबचं, म्हणजे फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या, शॉक असलेल्या चिमट्याची) दांडी जिथून हँडलपर्यंत वर येते ते. जुन्या आणि स्वस्त फ्रेममध्ये ही दांडी वर-खाली सारखीच, २८.६ मिमी. टेपर्ड फ्रेममध्ये वर तेवढीच, पण खाली दीड इंच. सध्याचे चांगले एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारे, जवळपास सगळे टेपर्ड दांडीचे असतात. त्यामुळे अरुंद सरळ हेड ट्यूबची सायकल घेतली आणि दोन वर्षांनी फोर्क बदलावासा वाटला, की पर्याय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात. ओळखायला सोपं आहे. सायकल बाजूने बघायची, हेड ट्यूब खाली फुगलेली दिसते का? ४४ मिमीची जाड सरळ नळी असेल तरी चालतं, खालचा कप बाहेरचा बसवून टेपर्ड दांडी आत जाते.

दुसरं भोक मागच्या आसाचं. क्विक रिलीजच्या फ्रेममध्ये आस उघड्या खाचेत बसतो, रुंदी बहुधा १३५ मिमी. थ्रू-ॲक्सलमध्ये १२ मिमीचा आस बंद भोकातून आरपार जातो. सध्याचं चालू माप १४८ मिमी, त्यालाच बूस्ट म्हणतात. थ्रू-ॲक्सलचा माझ्या दृष्टीने मोठा फायदा असा, की चाक काढून लावलं की दर वेळी नेमकं त्याच जागी बसतं, डिस्क पॅडला घासत नाही. पंक्चर काढल्यावर 'खर्र खर्र' ऐकत घरी येणं बंद होतं. आणि पुढे कधी चाकं घ्यायची झाली तर चांगली चाकं याच मापात मिळतात. पुढच्या चाकाचंही तेच: बूस्ट फोर्कला १५ मिमी आस आणि ११० मिमी हब (चाकाचा मधला गाभा) लागतो. १०० मिमीच्या क्विक रिलीजचं चाक त्यात बसत नाही. 'नंतर फोर्क तेवढा बदलू' म्हणणाऱ्यांनी पुढच्या चाकाचा खर्चही त्यात धरावा.

तिसरं सीट ट्यूबचं. ३०.९ किंवा ३१.६ मिमी असेल तर ड्रॉपर पोस्ट हवा तेवढा मिळतो. २७.२ असेल तर मोजकेच पर्याय. चौथं, सीट ट्यूबमध्ये ड्रॉपरची केबल आत शिरायचं भोक आहे की नाही. हँडलवरचं बटण दाबून सीटवर भार दिला की ती खाली जाते, ही ड्रॉपरची करामत. उतारावर सीट पोटात रुतत नाही, अंग मागे-खाली नेता येतं, आणि चढ लागला की परत बटण दाबून सीट वर. मला कोणी विचारलं की दहा हजार रुपये आहेत, गिअर सुधारू की ड्रॉपर बसवू, तर मी डोळे झाकून ड्रॉपर म्हणेन.

हे चार रकाने भरल्यावर भाचीच्या यादीतल्या निम्म्याहून जास्त सायकली गळल्या. "मामा, यात सत्तावीस गिअर आहेत, ही पण नको?" तिने विचारलं. रंग आवडला होता तिला, मोरपंखी.

गिअरचं गणित आम्ही कागदावरच मांडलं. जुन्या पद्धतीत पुढे तीन चकत्या, सगळ्यात लहान २२ दातांची, मागे सगळ्यात मोठी ३४ची. २२ भागिले ३४, म्हणजे ०.६५. नव्या पद्धतीत पुढे एकच ३२ची, मागे सगळ्यात मोठी ५१ची: ०.६३. चढावरचा हलका गिअर दोन्हींत जवळपास सारखा. मग फरक कुठे पडतो? एकच चकती असली की तिचे दात आलटून-पालटून जाड-बारीक करता येतात आणि मागच्या डिरेलरमधला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागातला) क्लच चेन ताणून धरतो, त्यामुळे दगडांवर आदळताना चेन उतरत नाही. हँडलची डावी बाजू मोकळी होते, तिथे ड्रॉपरचं बटण येतं. सत्तावीसमधले कितीतरी गिअर एकमेकांसारखेच असतात, हे तिने स्वतः भागाकार करून पाहिलं आणि तो रकाना गपचूप काढून टाकला.

गिअरमध्ये एकच गोष्ट आधी तपासायची: मागच्या चकत्यांचा गठ्ठा फ्रीव्हील आहे की कॅसेट. फ्रीव्हील हबवर आट्याने बसतं आणि उजवीकडचं बेअरिंग आसाच्या टोकापासून दूर, आत राहतं. टोकाकडचा आस आधाराशिवाय राहतो आणि दगडावर आपटून आपटून वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये उजवीकडचा आधार थेट बाहेरच्या टोकापर्यंत येतो. सात गिअरचं चाक दिसलं की बहुतेक वेळा फ्रीव्हील निघतं. रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही, टेकडीवर बिघडतं. शिमानोच्या एचजी बॉडीवर (बॉडी म्हणजे हबचा कॅसेट बसायचा भाग) ८ पासून ११ स्पीडपर्यंतच्या, म्हणजे तितक्या चकत्यांच्या, माउंटन कॅसेट बसतात. १० दातांपासून सुरू होणाऱ्या १२ स्पीडला मायक्रो स्प्लाइन ही वेगळी बॉडी लागते. हे माहीत असलेलं बरं, नाहीतर दुकानात पोचल्यावर खोळंबा होतो.

ब्रेकबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही, हायड्रॉलिक डिस्कच हवेत. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत जी मंडळी जुन्या जाडजूड सायकली घेऊन डोंगरावरून सुटायची, त्यांच्या पायब्रेकच्या हबमधलं ग्रीस एका उतारात जळून जायचं आणि दर फेरीनंतर नव्याने भरावं लागायचं. आज एका बोटाने चाक धरता येतं आणि उरलेली बोटं हँडलवर राहतात. डिस्कवर 'फक्त रेझिन पॅड' असं कोरलेलं असेल तर तिला मेटल पॅड लावू नये, एवढं लक्षात ठेवायचं.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते फोर्कबद्दल, आणि त्यातही हलक्या वजनाच्या माणसांबद्दल. भाचीची उंची १६३ सेंटिमीटर, वजन ५२ किलो. स्वस्त फोर्कमध्ये लोखंडी स्प्रिंग असते आणि सायकलबरोबर येते ती बहुतेक वेळा तिच्यापेक्षा बऱ्याच जड माणसाला बेतलेली. वरची प्रीलोडची फिरकी कितीही सैल केली तरी स्प्रिंग मऊ होत नाही, सुरुवातीचा ताण तेवढा कमी-जास्त होतो. हे तिला तोंडी पटेना. म्हणून एका मित्राची कॉइल फोर्कची सायकल घेऊन आम्ही टेकडीवर गेलो. फोर्कच्या चकचकीत नळीला एक प्लॅस्टिकची झिप टाय बांधली आणि खाली सीलला टेकवून ठेवली. फोर्क दबला की ती वर सरकते आणि तिथेच राहते. खाणीच्या बाजूच्या खडबडीत वाटेवरून ती दोनदा उतरली. खाली आल्यावर सायकल आडवी धरून बघितलं, तर फोर्क दबू शकतो त्या १०० मिमीपैकी कशीबशी तीन बोटं वापरली गेली होती. बाकीचे सगळे दणके तिच्या मनगटांनी खाल्ले होते. मित्र ऐंशी किलोचा. तो त्याच वाटेने उतरला तेव्हा टाय पार वर गेली.

मग हात चोळत ती म्हणाली, "म्हणजे मी याच्यासाठी पैसे देणार आणि हे वापरणार दुसरंच कोणी."

एअर फोर्कमध्ये स्प्रिंगच्या जागी हवा. शॉकपंपाने आपल्या वजनाप्रमाणे भरायची. पूर्ण तयारीनिशी, म्हणजे हेल्मेट, पाण्याची पिशवी सगळं घालून सायकलवर उभं राहिलं की फोर्क एकूण प्रवासाच्या २० ते २५ टक्के दबला पाहिजे, यालाच सॅग म्हणतात. १२० मिमीच्या फोर्कला म्हणजे २४ ते ३० मिमी. बावन्न किलोच्या मुलीलाही बसतो आणि नव्वद किलोच्या बापालाही. घरात एकच सायकल दोघांत असेल तर हवेला पर्यायच नाही. कमी वजनाच्या लोकांनी, विशेषतः मुलींनी, सस्पेन्शनवर पैसे घालायचे तर हवेवरच घालावेत. दुकानात ही गोष्ट कोणी आपण होऊन सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. हात दुखतात म्हणून सायकल सोडणाऱ्यांत कितीतरी जणींचा दोष एवढाच असेल, की त्यांना दुसऱ्याच्या वजनाची स्प्रिंग दिली गेली.

आता फोर्क किती लांब, म्हणजे किती मिमी दबणारा? १४०, १५० ऐकायला छान वाटतं. पण हार्डटेलमध्ये पुढचंच टोक खाली जातं, मागचं जागच्या जागी. पुढची उंची २० मिमीने बदलली की हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी होणारा कोन, साधारण एका अंशाने बदलतो. म्हणजे फोर्क १०० मिमी दबला त्या क्षणी ६६ अंशांची सायकल ७१ अंशांची होते, आणि नेमकी तेव्हाच, जेव्हा आपण अंगावर येणाऱ्या उतारात असतो. फोर्क जितका लांब तितका हा फरक मोठा. पुण्याच्या टेकड्यांसाठी १२० पुरतो, १३० झाला तर उत्तम. आणि उभी असताना हेड अँगल ६६-६७ च्या आसपास. ७० च्या वरची सायकल डांबरी रस्त्यावर चपळ वाटते, पण उतारावर पुढचं चाक आपल्या खाली आलं की नाकावर पडायची भीती. ६४ वगैरे असेल तर आपल्या तीव्र वळणांच्या चढावर पुढचं चाक भरकटतं. हे आकडे शोरूममध्ये कोणी सांगत नाही, कंपनीच्या साइटवर जॉमेट्रीच्या तक्त्यात सापडतात. तिथेच रीच, म्हणजे पेडलच्या आसापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, बघायचा. भाचीच्या उंचीला ४१० ते ४३० मिमी ठीक. एस, एम ही अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी.

चाकं २९ इंची की साडेसत्तावीस, हा वाद मी टाळतो. दगडांवरून २९ सहज जातं. लहान उंचीला फ्रेम जमत असेल तर तेच घ्यावं.

एवढं सगळं पासष्ट हजारांत नवीन मिळेना. कुठे फोर्क चांगला तर मागे क्विक रिलीज, कुठे फ्रेम उत्तम पण पुढे तीच लोखंडी स्प्रिंग. शेवटी सेकंड-हँड शोधायचं ठरलं. औंधमधला एक तरुण जर्मनीला निघाला होता, त्याची तीन वर्षं वापरलेली सायकल मिळाली. टेपर्ड हेड ट्यूब, १२० मिमी एअर फोर्क, मागे १४८चा थ्रू-ॲक्सल, ३१.६ची सीट ट्यूब, ११ स्पीड. अठ्ठेचाळीस हजार सांगितले, त्रेचाळीसला दिली.

जुनी सायकल बघायची माझी पद्धत अशी. आधी फ्रेम ओल्या फडक्याने पुसायची, कारण चिखलाखाली तडा दिसत नाही. हेड ट्यूबला दोन नळ्या जोडल्या आहेत तिथलं वेल्डिंग, सीट ट्यूबचं वरचं टोक आणि पेडलच्या मागे चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) या तीन जागी केसाएवढी रेघ दिसली तरी सायकल सोडून द्यायची. रंग उडालेला चालतो, पण वेल्डच्या कडेने जाणारी रेघ चालत नाही. मग फोर्कच्या नळ्या. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, नखाची कड वरून खाली हळू फिरवायची. नख कुठे अडकलं तर तिथे ओरखडा खोल आहे, तो सील कापणार आणि तेल बाहेर येणार. ह्या सायकलला उजव्या नळीवर एक बारीक रेघ दिसत होती, पण नख घसरत गेलं, अडलं नाही. नळीची मागची बाजूही बघायला विसरायचं नाही, झीज बरेचदा तिथे असते. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवायची आणि दुसऱ्या हाताचं बोट हेडसेटच्या, म्हणजे हेड ट्यूबमधल्या बेअरिंगच्या, फटीवर ठेवायचं. 'टक' असं बोटाला जाणवलं तर सैल आहे किंवा बेअरिंग गेलंय. शेवटी चेनवर गेज, म्हणजे ती किती ताणली ते मोजायची पट्टी, टाकायचं. अकरा स्पीडच्या चेनला ०.५ चा दात आत गेला तर चेन बदलायची वेळ झाली, आणि पार ०.७५ चाही गेला तर तिने बहुधा कॅसेटही खाल्लेली असते. इथे ०.७५ चा दात सरळ आत गेला. ते दाखवूनच किंमत उतरली.

उरलेल्या पैशांत ११-५१ची नवी कॅसेट, चेन, ब्रेकचे पॅड आणि फोर्कची सर्व्हिस. चांगल्या फोर्कला खालच्या नळ्यांचं तेल आणि सील साधारण दर ५० तासांनी बघायला सांगतात. आपल्याकडे ते कोणीच करत नाही. तीन वर्षांत उघडलेला नव्हता, आतलं तेल चहाच्या रंगाचं निघालं. सर्व्हिसनंतर तोच फोर्क लहान खड्यांवरही हलायला लागला.

टायरवर मात्र मी काटकसर करू दिली नाही. पुढे २.४ इंच रुंद, मागे २.३५, दोन्ही ट्यूबलेस-रेडी. ट्यूब असली की दगडावर चिमटा बसून पंक्चर होऊ नये म्हणून ३५ पीएसआय भरावी लागते, आणि तेवढ्या हवेत टायर मुरमावर नाचतो. ट्यूबलेसमध्ये तिच्या वजनाला पुढे १८, मागे २१ वर आम्ही थांबलो. टायर दगडाभोवती वाकतो आणि धरून राहतो. सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, प्रत्येक चाकात १०० मिली. बाभळीचा काटा रुतलेला दिसला तर तिथल्या तिथे उपटायचा नाही. बऱ्याचदा तोच भोक बुजवून बसलेला असतो. घरी येऊन उपटायचा, भोक खाली राहील असं चाक फिरवायचं आणि सीलंटला दोन मिनिटं द्यायची. पुण्याच्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत आटतं, म्हणून मार्चमध्ये एकदा आणि मे अखेरीस एकदा व्हॉल्व्हमधून वाढवायचं. हँडलला घंटीही लावून दिली, कारण सकाळी टेकडी चालणाऱ्या आजी-आजोबांची आहे आणि त्यांना वाट द्यायला आपणच थांबायचं असतं.

ड्रॉपर अजून बसवलेला नाही. दिवाळीच्या बोनसवर ठेवलाय. तोवर ती उतार लागण्याआधी थांबते, क्लॅम्प सैल करते, सीट खाली दाबते आणि वर येताना पुन्हा चढवते. सीटपोस्टवर मी पांढऱ्या पेनने चढाची खूण करून दिली आहे. पोस्ट १२५ मिमीचा घ्यायचा की १५०चा, हे ठरवायला सीट ट्यूबमध्ये आत किती सरळ जागा आहे ते मोजावं लागेल. येत्या रविवारी टेप घेऊन बसणार आहोत.